रास्कांच्या अंगणात, अर्ध्या खांबावर

आमच्या देशात लहान मुलांना सांगतात की आपला पहिला झेंडा आभाळातून पडला. मी काही तसा पडलेलो नाही. मी बंदरावरच्या शिडं शिवणाऱ्याच्या माळ्यावर, डांबराच्या आणि दमट कापडाच्या वासात, एका शिकाऊ पोराच्या मांडीवर जन्मलो. तांबडं लोकरी कापड, त्यावर पांढरा क्रूस. मी फ्यून बेटावरच्या रास्कांच्या घरचा झेंडा बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेला आहे. वर जायचं एवढं एकच काम ज्याला दिलं, त्याला वर्षाहून जास्त अर्ध्यावर लटकवून ठेवलं, तर तो दुसरं काय होणार?

मला शिवलं फोल्मर रास्कनं. आपल्या आईच्या, मारेनच्या पन्नाशीसाठी. पहिली शिवण वाकडी गेली म्हणून त्याच्या मालकानं मला टराटरा उसवलं. दुसऱ्यांदा तो ओठ चावत, एकेक टाका मोजत बसला. मालक म्हणाला, "अरे, शीड नाही हे, वादळात जायचं नाही याला." फोल्मर म्हणाला, "आईच्या अंगणात वारा कमी असतो असं वाटतं तुम्हाला?"

खरंच होतं ते. घर समुद्राला लागून. खांबाच्या एका बाजूला नासपतीचं झाड, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. ते उन्हाळाभर उघडं असे, म्हणून त्या घरातलं निम्मं बोलणं मला ऐकू यायचं.

माझे दिवस सुखाचे होते. घरात कुणाचाही वाढदिवस असला की सकाळी मला वर चढवायचे. मी दिसलो की शेजारपाजारचे न बोलावता यायचे, "कोण मोठं झालं आज?" म्हणत खुर्च्या ओढायचे, आणि मारेन केक कापायची. ईस्टरला मी वर, फोल्मरच्या धाकट्या बहिणीच्या, थिराच्या, धर्मदीक्षेला मी वर. ऊन जायच्या आत मला उतरवायचं, जमिनीला टेकू द्यायचं नाही, हे नेम त्या घरात देवाच्या प्रार्थनेसारखे पाळले जायचे. शेजारचे म्हातारे विलाडस, एके काळचे फेरीबोटीचे तांडेल, ते कुंपणापलीकडून घड्याळ दाखवायचे. "मारेनबाई, सूर्य बुडतोय, आणि तुमचा झेंडा अजून हवा खातोय!"

एक गोष्ट मात्र माझ्या जन्माआधीची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मारेनचा नवरा होडीतून मासेमारीला गेला तो परत आला नाही. समुद्रानं त्याला ठेवून घेतलं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की झेंडा अर्ध्यावर येतो, आणि माणूस मातीत गेला की तोच झेंडा वर टोकाला चढवतात. म्हणजे, झालं, तो विसावला. पण मातीच नाही, तर वर कधी चढवायचा? तेव्हाचा जुना झेंडा आठवडाभर अर्ध्यावर राहिला, आणि मग एका दिरानं, "पुरे आता, बरं दिसत नाही," म्हणून परस्पर वर ओढून टाकला. मारेननं त्याला जन्मात क्षमा केली नाही. चर्चच्या आवारात बायका आपापल्या थडग्यांपाशी वाकून फुलं लावायच्या. ही मात्र हातात फुलं घेऊन, कुठे थांबावं ते न कळून, सरळ फाटकापर्यंत चालत जायची.

मग जर्मन आले.

पहिली दोन-तीन वर्षं फोल्मर दात ओठ खात शिडं शिवत होता. मग तो कमी बोलू लागला. बंदरात जर्मनांची जहाजं दुरुस्तीला यायची, आणि त्यांवरची ताडपत्री शिवायला त्याला बोलवायचे. कापडाच्या गुंडाळ्या खांद्यावर घेऊन तो आत जायचा. एका शरद ऋतूत त्यातल्या एका गुंडाळीत नुसतं कापड नव्हतं. स्फोट झाला आणि धक्क्याला लागलेलं जहाज तिथल्या तिथे कुशीवर पडलं. फोल्मर त्या दिवसापासून घरी आला नाही.

मारेनला कुणी सांगितलं नाही तो कुठे आहे. "माहीत नसलेलं बरं," एवढंच. आठवड्यातून दोनदा एक काळी गाडी रस्त्याच्या वळणावर उभी राहायची, आणि आतली दोन माणसं सिगारेट ओढत आमच्या घराकडे बघत बसायची.

फेब्रुवारीत फोल्मरचा वाढदिवस आला. सकाळी मारेननं मला कपाटातून काढलं.

"आई, राहू दे आज खांब रिकामा," थिरा म्हणाली.

"जिवंत मुलाच्या वाढदिवसाला रिकामा खांब? का म्हणून?"

"खांब रिकामा राहिला म्हणून कुणी मरत नाही गं."

"तुझ्या बापाच्या शेवटच्या वाढदिवसाला मी झेंडा लावला नव्हता. कपडे वाळत घालायचे होते मला."

थिरा चूल पेटवायला गेली. आणि मारेननं, बोटं गारठलेली असताना, मला टोकापर्यंत चढवलं. आकाश स्वच्छ होतं. वारा समुद्राकडून. मी पूर्ण पसरलो. त्या दिवशी खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावरूनसुद्धा मी दिसत होतो.

आणि पलीकडच्या किनाऱ्यावर, जाळी ठेवायच्या खोपटात, फोल्मर होता.

दुपारी तो मागच्या वाटेनं आला. अंगात कुणाचातरी ढगळ कोट. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "कॉफी ठेवलीयस, की नुसता झेंडाच?"

मारेनच्या हातातली बशी तशीच राहिली. "तू? तू इथे कशाला आलास?"

"तूच बोलावलंस की! तिकडून लख्ख दिसतोय. मला वाटलं, गाडीवाले गेले, ये, असं सांगतेयस."

"अरे बाळा, तुझ्या नावानं लावला रे मी! तुला बोलवायला नाही लावला!"

त्याला घोळ कळला. मग हसला. वेडा होता तो, हसला. "बरं, आता आलोच आहे तर केकचा तुकडा दे. नाहीतर एवढं चालल्याचं काय?"

बटाट्याच्या पिठाचा, साखर नसलेला केक. चिकोरीची काळी कॉफी. तो उभ्या उभ्याच खाऊ लागला, आणि थिरा त्याला मागच्या वाटेकडे ढकलत होती, "घास तोंडात घे आणि पळ," म्हणत होती. मी वरून बघत होतो. वळणावरची गाडी हलली होती. ती येताना मला दिसत होती, आणि मी काय करू शकत होतो? फडफडत होतो. लोकांना वाटतं झेंडा आनंदानं फडफडतो. मला त्या दिवशी चिंधीसारखं गळून पडायचं होतं, पण वारा ऐकेना. कुणी मला विचारून वर चढवत नाही, कुणी विचारून उतरवतही नाही. मग कशाला कान दिले, कशाला डोळे दिले?

त्यांनी त्याला अंगणातूनच नेलं. खांबापाशी तो क्षणभर थांबला, वर पाहिलं आणि म्हणाला, "आई, ऊन जायच्या आत उतरव हं त्याला."

मारेन हललीच नाही. ऊन गेलं तरी पायरीवर बसून होती. शेवटी विलाडसनीच कुंपण ओलांडलं, मला उतरवलं, नीट घडी घातली आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं मला दूर सारलं. त्या बाईनं मला, तिच्या मुलानं तिच्यासाठी शिवलेल्याला, असं सारलं, जसं मीच गाडीवाल्यांना हाक मारली होती.

फोल्मरला राजधानीत नेलं. वसंतात एक दिवस वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. घातपाताबद्दल शिक्षा, गोळ्या घालून अंमलबजावणी. देह देणार नाही. कुठे पुरलं ते सांगणार नाही.

मारेननं पेपर घडी करून ठेवला. मला कपाटातून काढलं. आमची रीत अशी की अर्ध्यावर लावायचं तरी आधी टोकाला नेऊन टेकवायचं आणि मग खाली आणायचं. उतरवतानाही तसंच, आधी वर, मग खाली. तिनं ते सगळं नीट केलं, दोरी बांधली, आणि खांबाला हात लावून म्हणाली, "तो मातीत गेल्याशिवाय हा वर जायचा नाही. मी घरात असेपर्यंत दुसऱ्या कुणी या दोरीला हात लावायचा नाही."

झाला नेम सुरू. रोज सकाळी मी अर्ध्यावर, रोज संध्याकाळी कपाटात. पाऊस असो, बर्फ असो. दिवसातून दोनदा टोकाला शिवायचो. खाडी दिसायची, पलीकडचं खोपट दिसायचं, आणि तेवढ्यात खाली! ताटावर बसवून ताट ओढून घ्यावं तसं. आणि अर्ध्यावर काय? बरोबर त्या उंचीला नासपतीच्या फांद्या. वारा सुटला की माझी कड त्यांत अडकायची, सुटायची, अडकायची. एकेक धागा निघत होता. खांब पुरता मोकळा आहे, वर आकाश आहे, आणि मी इथे झाडाशी भांडतोय!

पाद्री येऊन गेले. "मारेनबाई, देहाशिवायही प्रार्थना करता येते. देवाला ठाऊक आहे तो कुठे आहे."

"देवाला ठाऊक आहे, हे मलाही माहीत आहे," ती म्हणाली. "तो कुठे आहे ते मला कळलेलं नाही ना. कॉफी घ्या."

मग गावचा पोलीस आला, टोपी काखेत धरून. त्यालाही अवघडल्यासारखं झालं होतं. "वरून विचारणा झालीय. दुखवट्याचा झेंडा एखाददुसरा दिवस असतो, हे रोजचं काय चाललंय म्हणून."

विलाडस कुंपणावर कोपर टेकून उभे होते. "सोपं आहे. त्यांना म्हणावं पोरगं परत द्या. झेंडा आत्ता वर जातो, मी स्वतः ओढतो."

"विलाडस, दोरीला हात लावायचा नाही," मारेन म्हणाली.

"बघा! मलासुद्धा नाही. तुमच्या वरच्यांची काय कथा?"

पोलीस कॉफी पिऊन गेला. पुन्हा आला नाही.

पण घरातलं कुणी कॉफी पिऊन जाणार नव्हतं. थिराचा वाढदिवस आला. सकाळी ती अंगणात आली तेव्हा मी अर्ध्यावर होतो, नेहमीसारखा.

"आई, आज एक दिवस?"

"नाही गं."

"मी जिवंत आहे, आई. मीसुद्धा या घरात आहे."

मारेनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दोरी सोडायला हात गेला नाही. केक केला तिनं, सगळं केलं. पण शेजारचं कुणी आलं नाही. अर्ध्यावरच्या झेंड्याखाली वाढदिवसाला कोण येणार? थिरानं एकटीनं तुकडा खाल्ला. मला त्या पोरीची इतकी कणव आली, आणि मारेनची इतकी चीड, आणि लगेच त्या चिडीची लाज. ती बाई काय सुखानं हे करत होती? सकाळी दोरी ओढताना तिची बोटं फुटायची.

मग पुढच्या मे महिन्यात लढाई संपली.

ती सकाळ काय सांगू! गावातला प्रत्येक खांब भरला. चर्चचा, शाळेचा, बंदरावरच्या होड्यांचा. ज्यांच्याकडे खांब नव्हता त्यांनी केरसुणीच्या दांड्याला झेंडे बांधले. मुलं ओरडत होती, घंटा थांबत नव्हत्या. माझी सगळी भावंडं टोकाला, अंग भरून फडफडत. आणि मी? नासपतीच्या फांदीत.

पहिला आरडाओरडा केला तो क्वोर्निंगनं. हा कोळशाचा व्यापारी. लढाईभर यानं जर्मनांच्या बराकी उबदार ठेवल्या, आणि त्या सकाळी याच्या दंडावर स्वातंत्र्यवीरांची पट्टी! इस्त्रीच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या तिच्या. तो चार-पाच जणांना घेऊन फाटकातून आत शिरला.

"काय हे, मारेनबाई? आजच्या दिवशी अर्ध्यावर? लोकांनी काय समजायचं, जर्मन गेले म्हणून तुम्ही सुतकात बसलाय?"

मारेन पायरीवर किटली घेऊन उभी होती.

"सरका, मी चढवतो," म्हणून त्यानं दोरी धरली.

खोटं कशाला बोलू? माझं काळीज वर उडालं. ओढ, म्हटलं, ओढ रे बाबा, कोळशाचे हात असले तरी चालतील! एकदा, आजच्या दिवशी!

मारेननं किटली खाली ठेवली. चालत आली, आणि दोरीवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला. आवाज चढवला नाही.

"ती पट्टी माझ्या मुलाची आहे. तुम्ही घातलीयत, घाला. पण तो अजून मातीत गेलेला नाही. ही दोरी सोडा."

मागचे लोक खाली बघू लागले. त्यांच्यापैकी एकानं टोपी काढली. विलाडस कुंपणापलीकडून म्हणाले, "क्वोर्निंग, घरी जा. गरम कोटात घाम येत असेल तुला." त्यानं दोरी सोडली.

मी अर्ध्यावरच राहिलो. दिवसभर बाकीच्यांचा आनंद बघत. त्या दिवशी मी मारेनवर जेवढा चिडलो तेवढा कधीच चिडलो नाही. आणि तिला सोडून दुसऱ्या कुणाचा झेंडा व्हावं, असंही मनात आलं नाही. हे असं का, ते मला सांगता येणार नाही.

मग राजधानीतल्या लष्करी मैदानात, गोळ्या घातलेल्यांची थडगी सापडू लागल्याची बातमी आली. नुसते चर, वर झुडपं. थिरा गेली. मारेनला तिनं येऊ दिलं नाही. "तू दोरी सांभाळ," म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. तिचं पत्र नाही, निरोप नाही. मारेन रोज सकाळी मला अर्ध्यावर चढवायची आणि स्टेशनच्या रस्त्याकडे बघत बसायची. बापासारखंच झालं तर? माती मिळालीच नाही तर? तिच्या मनात ते होतं, मला दोरीतून कळायचं.

एका संध्याकाळी थिरा फाटकात उभी राहिली. धुळीनं माखलेली, डोळे कोरडे.

"सापडला, आई. दातांवरून ओळखला. आणतायत त्याला."

मारेननं तिला जवळ घेतलं आणि इतकंच विचारलं, "जेवलीस का गं?"

उन्हाळा संपता संपता फोल्मर आगगाडीनं, मग बोटीनं, मग सहा जणांच्या खांद्यावरून घरी आला. सगळं गाव चर्चपाशी. फाटकापर्यंत चालत जाणारी मारेन त्या दिवशी अर्ध्या वाटेत थांबली. तिथे तिच्यासाठी खड्डा होता. तिच्या मुलाचा. तिनं फुलं खाली ठेवली.

मग सगळे अंगणात आले. केक, खरी कॉफी, कुठून मिळवली देव जाणे. आता मला वर चढवायचं होतं. सगळे कप खाली ठेवून उभे राहिले. मारेननं दोरी सोडवली, आणि ओढेना.

ओढ ना, बाई! वर्षापेक्षा जास्त थांबलोय! ती नुसती उभी. मला एकदम कळलं. मी अर्ध्यावर होतो तोवर तो यायचा होता. मी वर गेलो की तो येऊन गेला. आई ती, कसा ओढेल तिचा हात? आणि मी, जो इतके दिवस चिडत होतो, मीच जड झालो.

थिरा तिच्यामागे जाऊन उभी राहिली. आईच्या हातांवर तिनं हात ठेवले नाहीत, फक्त मागे उभी राहिली. मारेननं ओढलं. दोन हात वर गेलो आणि कड फांदीत अडकली. सगळे एकदम ओरडले. "सैल सोडा!" "डावीकडे!" "कुऱ्हाड आणा!" मारेन वर बघून मलाच म्हणाली, पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "ये की रे आता. फाटलास तर फाटलास."

मी फाटलो. एक तांबडी पट्टी झाडावरच राहिली, आणि मी सरसरत टोकाला गेलो. दोरी बांधली. खाली कुणीतरी गाणं सुरू केलं. वरून मला चर्चचं आवार दिसत होतं, ओल्या मातीचा ढीग, आणि त्याच्या कडेनं परतणारा एक माणूस फावडं खांद्यावर घेऊन.

तो माझा शेवटचा चढ. फाटलेला झेंडा आमच्याकडे लावत नाहीत, आणि टाकतही नाहीत. जाळतात. तो आमचा शेवटचा मान.

पण मानातसुद्धा विघ्न! काही महिन्यांत गावात एक समिती निघाली. अध्यक्ष कोण? क्वोर्निंग. हुतात्म्याचा झेंडा नगरपालिकेत काचेच्या पेटीत ठेवायचा, खाली पितळी पाटी, पाटीवर समितीची नावं. उद्या सकाळी मला न्यायला येणार आहेत. काचेत! ना वारा, ना अग्नी. ना उतरवलेला, ना चढवलेला. पुन्हा अर्ध्यावर, आणि या वेळी कायमचा.

म्हणून आज मी घाईत बोलतोय. मारेननं मला टेबलावर पसरलंय. अडकलेल्या काटक्यांची टोकं एकेक करून काढली, मला घडी घातली. जून महिना आहे, खिडक्या उघड्या आहेत, आणि तिनं शेगडी पेटवलीय.

विलाडस दारात आले. धुराड्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं.

"एवढ्या उन्हाळ्यात शेगडी, मारेनबाई?"

"गारठा वाटतोय जरा. उद्या आले तर सांगेन त्यांना, नेम पुरा झाला म्हणून."

"मलाही वाटतोय गारठा," म्हातारा म्हणाला, आणि खुर्ची शेगडीजवळ ओढून बसला. थिरा आली, तीही बसली.

तुम्हाला माझं मागणं एवढंच. कुठे एखादा झेंडा फार दिवस अर्ध्यावर दिसला, तर त्याला ओढायला धावू नका. फाटकात उभे राहा आणि विचारा, कुणाची माती राहिलीय? बसायला खुर्ची मिळेल.

शेगडीचं दार उघडलं. ऊन अजून आहे. बरं, येतो मी.